ई

रोसामेल कोलिवोरो दारातच थांबला,
रबरी पोशाखातून पाणी निथळत,
तळहातावर नखाएवढं कार्ड.
म्हणाला, डोन्या एदुविना,
कॅमेऱ्यात दिसतं, घरच्या डब्यात दिसत नाही.
डबा त्यानं काखेत आणला होता, टॉवेलात गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा.

शुक्रवारपर्यंत शिंपल्यांच्या दोरांचं चित्रण पोचवायचं,
नाहीतर मालक त्याच्या बुड्या धरणार नाही.
अकरा बुड्या.
केयोनच्या खाडीत, ऑगस्टच्या पाण्यात.

मी आधी सगळे करतात तेच केलं:
फुंकर मारली.
कार्डाच्या कडेचं इवलंसं कुलूप वर सरकवलं, खाली सरकवलं.
सोनेरी पट्ट्यांवरून भाचीचं खोडरबर फिरवलं,
ते काळं निघालं, मला उगाच आशा वाटली.
मग तिच्या वाढदिवसाचं कार्ड घालून पाहिलं.
तेही नाही.
दुसरी खाच. दुसरा रीडर. बंद करून पुन्हा चालू.
मी चुलीत एक ओंडका सारला,
किटली पुढे ओढली. वेळ लागणार होता.

एक गोष्ट मात्र खटकत होती.
कार्ड आत गेलं की डबा दर वेळी वाजायचा: टुंग.
म्हणजे कुणीतरी आलंय हे त्याला कळत होतं.
आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत.
पावलं वाजली की पडदा हलतो,
दार उघडत नाही.

रोसामेल माते ओढत बसला.
त्याच्या कानात अजून खाडी होती,
मी काही विचारलं की डावीकडून पुन्हा विचारायला लावायचा.
कुठून घेतलास हा?
कुठून?
हा डबा, म्हटलं, कुठून घेतलास?
लिलावात, म्हणाला. सॅल्मनचा कारखाना बंद झाला तेव्हा.
नऊ वर्षं होतो ना मी तिथं. दोन खुर्च्या आणि हा मिळाला.

मग मी आतली यादी उघडली, जी सहसा कुणी उघडत नाही.
कार्ड तिथं होतं.
सगळा वेळ तिथंच होतं.
बत्तीस जीबी, पुढे लिहिलेलं: निरोगी.
यंत्रानं त्याला ओळखलं होतं, अक्षरही दिलं होतं, ई.
फक्त ई वर आधीच कुणीतरी बसलं होतं.

कारखान्याचा सामाईक कप्पा.
हजेरी, वजनं, पाळ्या.
नावावर लाल फुली,
पलीकडे ना तार ना खोली,
त्या जागी आता गवत आणि एक उलटी होडी.
छप्पर गंजलं, धक्का कुजला,
अक्षर झिजलं नव्हतं.
तीन वर्षं गेलेल्या माणसांसाठी जागा धरून
आलेल्याला बाहेर उभं करत होतं,
अगदी निष्ठेनं.

दुसरं अक्षर देऊ या, मी म्हटलं. कुठलं हवं?
असं त्याला कधी कुणी विचारलं नसावं.
तो संकोचला. आर चालेल?
आर चालतं.

दोन टिचक्या, आणि खिडकी उघडली:
हिरवा अंधार, लोंबते दोर,
काळ्या शिंपल्यांचे घोस,
आणि मधेच त्याचा हात, हातमोज्यात,
एकेक दोर मोजताना.
आवाजात फक्त त्याचा श्वास.
आम्ही दोघांनी चाळीस मिनिटं पाहिलं ते,
खरं तर पाच पुरली असती.

पैसे विचारले, मी सांगितले,
त्यानं निम्मे दिले आणि धुरावलेल्या शिंपल्यांची माळ.
निघताना मी म्हटलं,
ती लाल फुली काढून टाकू का? नुसती जागा अडवतेय.

टॉवेल गुंडाळता गुंडाळता तो थांबला.
या वेळी त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.
राहू दे, म्हणाला.
दोन महिन्यांचा पगार बाकी आहे त्यांच्याकडे.